लंडन ऑलिंपिकची २९ नाणी सुट्ट्या पैशांतून कशी जमवायची?

इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. शिकायला आला असाल, नोकरीसाठी आला असाल, किंवा मुलांचं डोकं तासभर मोबाइलमधून बाहेर काढेल असं काही शोधत असाल, तर उपयोगी पडेल.

दुकानात रोख पैसे दिले की परत मिळालेल्या मोडीत कधीतरी पन्नास पेन्सचं एखादं वेगळंच नाणं येतं. राणीची बाजू नेहमीची, पण उलटून पाहिलं तर कुणी उंच उडी मारतंय, कुणी बंदुकीचा नेम धरलाय, तर कुठे शटलकॉक काढलंय. हे लंडन २०१२ ऑलिंपिक आणि पॅरालिम्पिकनिमित्त काढलेल्या मालिकेतलं नाणं. अशी एकूण २९ नाणी आहेत, प्रत्येक खेळाला एक. २९ नाण्यांची दर्शनी किंमत साडेचौदा पौंड होते, आणि थोडी चिकाटी असेल तर जवळजवळ सगळा संच तेवढ्याच पैशांत जमतो. इंटरनेटवर मात्र हीच नाणी ‘दुर्मिळ’ म्हणून वाट्टेल त्या भावाने विकायला ठेवलेली दिसतात. नवखा माणूस फसतो तो तिथेच.

ही नाणी वेल्समधल्या लँट्रिसेंट इथल्या रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, पाडली. चित्रं नेहमीच्या कलाकारांकडून न घेता सर्वसामान्य लोकांकडून मागवली होती. त्यामुळे या मालिकेत विद्यार्थी आहेत, हौशी चित्रकार आहेत, एक क्रीडा पत्रकार आहे. ॲथलेटिक्सच्या नाण्यावरची उंच उडी तर नऊ वर्षांच्या मुलीने काढली आहे. ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाने घेतलेल्या स्पर्धेत तिचं चित्र निवडलं गेलं. नेमबाजीच्या नाण्याचे चित्रकार आहेत प्रवीण देवधर. हे आडनाव वाचून मराठी माणूस ते नाणं खर्च करेल असं मला वाटत नाही!

काय काय लागेल?

- इथल्या बँकेतलं चालू खातं आणि त्याचं डेबिट कार्ड. काही शाखांत ओळखपत्रही मागतात, तेव्हा पासपोर्ट किंवा इथलं ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा.
- फिरवण्यासाठी पन्नास ते शंभर पौंड रोख. हे खर्च होत नाहीत, नुसते जात-येत राहतात.
- २९ खेळांची यादी, फोनमध्ये किंवा कागदावर. कागदावर खूण करण्यात मुलांना जास्त मजा येते.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, एक भिंग आणि एक लोहचुंबक.
- नाणी ठेवायला अल्बम किंवा प्लॅस्टिकच्या गोल डब्या. हे नंतर घेतलं तरी चालेल.

१. पूर्ण संच हवा की छोटा, ते आधी ठरवा

२९ जमवायचीच असं काही नाही. लहान मुलं असतील तर मी छोट्या संचापासून सुरुवात करायला सांगेन. लंडनला भारताने सहा पदकं मिळवली आणि ती चार खेळांत होती: नेमबाजीत विजय कुमारचं रौप्य आणि गगन नारंगचं कांस्य, कुस्तीत सुशील कुमारचं रौप्य आणि योगेश्वर दत्तचं कांस्य, बॅडमिंटनमध्ये सायना नेहवालचं कांस्य आणि बॉक्सिंगमध्ये मेरी कोमचं कांस्य. म्हणजे नेमबाजी, कुस्ती, बॅडमिंटन आणि बॉक्सिंग ही चार नाणी गोळा केली की ‘भारताचा संच’ तयार. त्यातलं कुस्तीचं नाणं मुश्किलीने मिळतं. पण ज्या देशाला स्वातंत्र्यानंतरचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीतच मिळवून दिलं, त्या देशाच्या पोराने ते शोधायला थोडी मेहनत घ्यायला हरकत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त पॅरालिम्पिक खेळांची तीन नाणी: बोचिया, गोलबॉल आणि व्हीलचेअर रग्बी. आपल्याकडे हे खेळ फारसे माहीत नसतात. गोलबॉल दृष्टिहीन खेळाडूंचा असतो आणि चेंडूत घुंगरू असतं, हे मुलांना सांगितलं की नाणं बाजूला राहतं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

२. नाणं ओळखायला शिका

सगळ्यात मोठा घोळ सालाचा होतो. ऑलिंपिक २०१२ चं म्हणून लोक राणीच्या बाजूला २०१२ शोधतात आणि दिसलं नाही की नाणं परत टाकतात. व्यवहारात आलेल्या या २९ नाण्यांवर साल २०११ आहे. उलट ज्या पन्नास पेन्सवर २०१२ लिहिलेलं असतं आणि मागे राजचिन्हाचा तुकडा असतो, ते साधं नेहमीचं नाणं. म्हणून सालाच्या नादी न लागता मागची बाजू पाहा. खेळाच्या चित्राबरोबर लंडन २०१२ चं बोधचिन्ह, तो वेडावाकडा तुटक आकार, कोपऱ्यात दिसलाच पाहिजे.

ॲथलेटिक्सचं २००९ सालचंही एक नाणं आहे. ते फक्त संग्राहकांसाठीच्या पाकिटातून विकलं गेलं, त्यामुळे गल्ल्यात सापडण्याची आशा ठेवू नका.

खेळाचं नाव बहुतेक नाण्यांवर लिहिलेलं नाही. चित्रावरूनच ओळखावं लागतं आणि काही जोड्या हमखास चकवतात. ज्युदो, कुस्ती आणि तायक्वांदो या तिन्हींत दोन माणसं भिडलेली आहेत. हँडबॉल आणि बास्केटबॉल यांच्यातही गल्लत होते. मॉडर्न पेंटॅथलॉनवर पाच आकृत्या आहेत आणि ट्रायथलॉनवर तीन: पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा. ट्रायथलॉन विरळ आहे, पेंटॅथलॉन तितकं नाही, म्हणून मोजून पाहा. फुटबॉलवर खेळाडू नाहीच. तिथे ऑफसाइडचा नियम समजावणारी आकृती आहे, क्रीडा पत्रकार नील वुल्फसन यांनी काढलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती भूमितीच्या वहीतली वाटते आणि तो नाणं सरळ खर्च करून टाकतो. संचातलं सगळ्यात कमी पाडलेलं नाणं नेमकं हेच.

आणखी एक सापळा ब्रिटिश राजसत्तेखालच्या छोट्या प्रदेशांचा. आइल ऑफ मॅन, जर्सी, गर्नझी आणि जिब्राल्टर यांची पन्नास पेन्सची नाणी आकाराने अगदी सारखी असतात आणि मोडीत मिसळून येतात. त्यांवरही रंगीबेरंगी विषय असतात. ती या मालिकेतली नव्हेत, आणि मुख्य ब्रिटनमध्ये दुकानदार ती नाकारू शकतो. त्या प्रदेशाचं नाव राणीच्या बाजूला लिहिलेलं असतं.

राणी एलिझाबेथ गेल्या आणि राजे चार्ल्स यांची नाणी आली, म्हणून राणीची नाणी बाद झाली असा काहींचा समज आहे. तसं नाही, दोन्ही एकत्र चालतात.

३. सुट्टे मिळवायचे कुठून?

खरं काम इथे आहे. कार्ड टॅप करून जगणाऱ्या माणसाला ही नाणी कधीच भेटणार नाहीत. रोख वापरायला सुरुवात करा, एवढी पहिली अट.

*बँकेच्या पिशव्या.* इथे बँका सुटी नाणी ठरावीक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत देतात. पन्नास पेन्सच्या एका पिशवीत दहा पौंड, म्हणजे वीस नाणी असतात. आपल्या बँकेच्या शाखेत काउंटरवर जाऊन पन्नास पेन्सच्या पाच किंवा दहा पिशव्या मागा. साधारणपणे खातेदाराला देतात, पण शाखेशाखेत रिवाज वेगळा असतो आणि काही ठिकाणी व्यावसायिक खातं नसेल तर नकार मिळतो. नकार आला तर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाखेत जा. सोमवारी सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीत जाऊच नका. रांगेत मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे पाहून तुम्हालाच संकोच वाटेल.

घरी आल्यावर एकेक पिशवी रिकामी करा, हवी ती नाणी काढा आणि काढली तितकीच साधी नाणी घालून पिशवी पुन्हा पूर्ण करा. पिशवीत बरोबर वीस भरली पाहिजेत, कारण बँकेत ती वजनावर तपासतात. एक कमी असलं तरी परत देतात. मिश्र नाण्यांची पिशवी कुणी घेत नाही.

आता महत्त्वाचं. तपासून झालेल्या पिशव्या जिथून आणल्या तिथेच परत देऊ नका. पुढच्या वेळी त्याच तुमच्या हातात येतील आणि तुम्ही आपलीच टाकाऊ नाणी पुन्हा चाळत बसाल. एका ठिकाणाहून घ्या, दुसरीकडे भरा. पोस्ट ऑफिसात बहुतेक बँकांच्या खात्यांत रोख भरता येते, त्याचा इथे चांगला उपयोग होतो.

सुपरमार्केटमध्ये नाणी मोजणारी यंत्रं असतात. ओतलं की पावती मिळते, सोपं वाटतं. पण ती यंत्रं रकमेतला ठरावीक टक्का कापून घेतात. दर आठवड्याला शंभर पौंड तिथे ओतलेत तर ‘फुकट’ छंद चांगलाच महाग पडेल.

*सेल्फ चेकआउट.* रोख घेणारी यंत्रं अजून अनेक दुकानांत आहेत. एखादी छोटी वस्तू घ्या आणि नोट घाला, मोड नाण्यांत येते. मात्र यंत्र शक्य तिथे मोठी नाणी देतं, म्हणून किंमत अशी निवडा की परतीत पन्नास पेन्स यावेच लागतील. साठ-पासष्ट नव्हे, चाळीस-पंचेचाळीस पेन्सने संपणाऱ्या किमती बऱ्या.

*ओळखीचे गल्ले.* मला विचाराल तर बँकेपेक्षा हा मार्ग जास्त फळतो. कोपऱ्यावरचं गुजराती किंवा पंजाबी दुकान, न्हाव्याचं दुकान, लाँड्रेट (पैसे टाकून कपडे धुण्याचं दुकान), देवळाची दानपेटी, मुलांच्या शाळेतली केकविक्री, सगळीकडे पन्नास पेन्सचा साठा असतो आणि त्यातली बरीच नाणी लोकांच्या घरच्या डब्यांतून थेट आलेली असतात. दहा पौंडांची नोट देऊन पन्नास पेन्सची वीस नाणी मागितली तर दुकानदाराला सहसा अडचण नसते. फक्त गिऱ्हाईक उभं असताना मागू नका.

गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी मंडळांचे वडापाव-मिसळीचे स्टॉल लागतात. तिथे रोख हिशेब सांभाळायला कुणीतरी हवंच असतं. ते काम अंगावर घ्या! संध्याकाळी गल्ला मोजताना मंडळाच्या खजिनदाराला सांगून, त्याच्यासमोर, आपले साधे पन्नास पेन्स घालून हवी ती नाणी बदलून घ्या. न सांगता बदललीत तर हिशेब जुळूनही संशय राहतो, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला फक्त कांदे चिरायला बसवतील.

४. कोणती आधी शोधायची?

सगळी मिळून ही नाणी पाच कोटींच्या वर पाडली गेली, पण प्रत्येक खेळाची संख्या सारखी नाही. सर्वांत जास्त आहे तिरंदाजी, ३३,४५,५००. त्यामुळे तुमच्याकडे पहिलं नाणं बहुधा तिरंदाजीचं येईल, मग दुसरंही आणि तिसरंही. जलक्रीडा, ॲथलेटिक्स, बॉक्सिंग, बॅडमिंटन, सायकलिंग, तलवारबाजी, घोडेस्वारी, कनूइंग, बोचिया आणि व्हॉलीबॉल ही वीस ते साडेबावीस लाखांच्या दरम्यान आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक सोळा ते एकोणीस लाखांत येतात.

खाली उरतात ती पाच. हीच डोक्यात ठेवा:

- फुटबॉल: ११,२५,५००
- कुस्ती: ११,२९,५००
- ज्युदो: ११,६१,५००
- ट्रायथलॉन: ११,६३,५००
- टेनिस: १४,५४,०००

या पाचांपैकी एखादं जास्तीचं सापडलं तर ते खर्च करू नका. पुढच्या पायरीत तेच तुमचं भांडवल आहे.

एक लक्षात घ्या, अकरा लाख म्हणजे काही हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी संख्या नव्हे. खरं दुर्मिळ पन्नास पेन्स पाहायचं असेल तर २००९ चं, लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानातल्या पॅगोड्याचं नाणं आहे, त्या वेळी ते २,१०,००० च पाडलं. त्याच्यापुढे फुटबॉलचं नाणं पाचपटीहून अधिक आहे. ते मिळायला कठीण झालंय याचं कारण लोकांनी ही मालिका आवडीने बाजूला काढून डब्यांत टाकली. डबे कधीतरी रिकामे होतातच: घर बदलताना, मुलं मोठी झाल्यावर, आजोबा गेल्यावर. त्यानंतर काही दिवस त्या गावातल्या बँकेच्या पिशव्या चाळणाऱ्याची चंगळ होते.

जलक्रीडेच्या नाण्याबद्दल एक गोष्ट तुम्ही ऐकालच. जॉनथन ऑलिफ यांच्या मूळ चित्रात पाण्याच्या रेषा पोहणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही गेल्या होत्या. नंतर चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून त्या काढल्या, पण रेषा असलेली काही थोडी नाणी संग्राहकांच्या पाकिटांतून आधीच बाहेर गेली होती. ती खरोखर मौल्यवान आहेत. तुमच्या जलक्रीडेच्या नाण्यावर चेहऱ्यावर रेषा दिसल्यासारखी वाटली तर भिंग घ्या आणि शांतपणे पाहा. बहुतेक वेळा तो नुसता ओरखडा असतो. व्यवहारातून आलेलं, घासलेलं नाणं ‘चेहऱ्यावर रेषा’ म्हणून कुणी विकत असेल तर सरळ पुढे जा.

५. अदलाबदल

वीस-बावीस नाणी झाली की वेग मंदावतो. पिशव्यांवर पिशव्या उघडाव्यात आणि पुन्हा तिरंदाजीच. इथून पुढे एकट्याने खणत बसण्यापेक्षा दुसऱ्या संग्राहकांशी देवघेव करा. इथे अशा देवघेवीचे गट आणि ॲप आहेत, शिवाय ऑफिसात आणि शाळेत विचारलंत तर घरात एखादा अर्धवट राहिलेला अल्बम असलेला माणूस हमखास निघतो.

साधा रिवाज असा: सारख्या संख्येच्या नाण्याला तसंच नाणं. पाच विरळ नाण्यांपैकी एक हवं असेल तर दोन-तीन साधी नाणी द्यावी लागतात. पोस्टाने पाठवत असाल तर दोघांनी एकाच दिवशी पाठवायचं ठरवा, नाणं पुठ्ठ्यावर चिकटवून पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. नुसत्या पाकिटात घातलेलं नाणं टपालाच्या यंत्रात पाकीट फाडून बाहेर पडतं.

६. विकत घ्यायची वेळ आलीच तर

शेवटची दोन-तीन नाणी विकत घेण्यात कमीपणा नाही. फक्त भाव कसा पाहायचा ते शिकून घ्या.

लिलावाच्या साइटवर मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणीही आपल्या नाण्यावर पाच हजार पौंडांची चिठ्ठी लावू शकतो. म्हणून शोधताना ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडा, शेवटचे दहा-बारा सौदे पाहा आणि मधला आकडा धरा. टपालखर्च त्यात मिळवायला विसरू नका, कारण स्वस्त नाण्यांत तोच जास्त निघतो. मग कळतं की साधी नाणी दर्शनी किमतीच्या फार वर जातच नाहीत. थोडाफार भाव आहे तो वरच्या पाचांना.

वर्तमानपत्रांत अधूनमधून मथळा येतो की तुमच्या खिशातल्या नाण्याची किंमत हजारो पौंड असू शकते. तो वाचून कुणी आजवर श्रीमंत झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

वर्णनात ‘टांकसाळीतील चूक’ असं लिहिलेलं असेल तर दुप्पट सावध व्हा. हजारो नाण्यांवर दिसणारी किंचित सरकलेली छाप किंवा जरा जाड कडा यांना तसा काही भाव नसतो. सोन्याचा मुलामा दिलेली किंवा रंगवलेली नाणीही विकायला असतात. तो मुलामा कुण्या खासगी विक्रेत्याने नंतर चढवलेला असतो, आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणं बिघडलेलं.

सबंध संच एकदम घ्यायचा मोह होत असेल तर अल्बममध्ये तिसावी जागा दिसेल. तिथे एक पदक बसतं. संच पूर्ण करणाऱ्यांसाठी ते वेगळं काढलं होतं. ते नाणं नव्हे आणि त्यावाचून संच अपुरा राहत नाही. विक्रेता त्या पदकासाठी जास्त पैसे मागत असेल तर तुम्हाला ते खरंच हवंय का, ते ठरवा.

७. खोटी नाणी ओळखा

मोडीतून आलेल्या नाण्यांची फारशी काळजी नको. विकत घेतलेली मात्र काट्यावर ठेवल्याशिवाय अल्बममध्ये घालू नका. क्यू गार्डन्सच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि नकली ऑलिंपिक नाणीही फिरतात.

वजन ८ ग्रॅम हवं. वापराने थोडं झिजतं, पण ७.८ च्या खाली गेलं तर शंका घ्या. एका सपाट बाजूपासून समोरच्या टोकापर्यंतचं माप २७.३ मिलिमीटर. धातू तांबं आणि निकेल, ७५ आणि २५ टक्के. म्हणजे लोहचुंबकाला चिकटता कामा नये.

नाणं दोन बोटांत उभं धरा, राणीचं डोकं वर. आता पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवा. मागचं चित्रही सुलटच दिसलं पाहिजे.  

शेवटी भिंगातून राणीच्या मानेखाली पाहा. तिथे आय, आर, बी ही तीन बारीक अक्षरं आहेत, मुखचित्र घडवणाऱ्या इयन रँक-ब्रॉडली यांची. नकली नाण्यात ती बुजलेली किंवा पसरलेली दिसतात, मुकुटाचे खडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि पार्श्वभूमीवर बारीक पुळ्या दिसतात.

८. ठेवायचं कसं

धुऊ नका. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर अजिबात नाही. देवघरातल्या समईला जे शोभतं ते नाण्याला मारक आहे. घासलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेषा उठतात आणि त्या कायमच्या. फारच चिकट असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून बुडवा, न चोळता मऊ कापडाने टिपून घ्या.

अल्बमची पानं पीव्हीसीची नाहीत ना, एवढं पाहून घ्या. पीव्हीसीने काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. इथल्या घरांत हिवाळ्यात भिंतींना ओल धरते, म्हणून अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.

९. संच झाला, पुढे काय?

याच वाटेवर दोन पौंडांची काही खेळ-नाणी आहेत आणि ती पन्नास पेन्सपेक्षा जड जातात. २००८ साली दोन आली: लंडनच्या १९०८ ऑलिंपिकच्या शताब्दीचं (९,१०,०००) आणि बीजिंगकडून लंडनकडे ध्वज सोपवल्याचं (९,१८,०००). २०१२ ला लंडनकडून रिओकडे ध्वज गेला त्याचं, ८,४५,०००.

माझ्या आवडीची मात्र मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेची चार नाणी. धावताना झेंडा उंचावणारा खेळाडू सगळ्यांवर सारखाच, फक्त एका छोट्या वर्तुळातला ध्वज बदलतो. इंग्लंड ६,५०,५००, स्कॉटलंड ७,७१,७५०, वेल्स ५,८८,५०० आणि उत्तर आयर्लंड अवघी ४,८५,५००. मँचेस्टरलाच अंजली भागवतने नेमबाजीत चार सुवर्णपदकं घेतली होती आणि भारताच्या महिला हॉकी संघाने अंतिम सामन्यात इंग्लंडला हरवलं होतं. म्हणजे ही नाणी जमवायला आपल्याला इंग्रजांपेक्षा सबळ कारण आहे. ती व्यवहारात येतात, पण फार क्वचित. दोन पौंडांच्या बँकेच्या पिशवीत वीस पौंड असतात, म्हणजे दहाच नाणी, त्यामुळे भांडवल दुप्पट लागतं.

भारतात परतणार असाल तर जास्तीची नाणी निघण्यापूर्वी इथेच खर्च करा किंवा खात्यात भरा. मुंबई-पुण्यात परकीय चलन बदलून देणारे सहसा नोटाच घेतात, नाण्यांना हात लावत नाहीत. अल्बम हातातल्या बॅगेत ठेवा. विमानतळावर क्ष-किरण यंत्रात एवढा धातू एकत्र दिसला की बॅग उघडायला लावतात, तेव्हा तो वरच्या कप्प्यात असू द्या.